रिपोर्ट नॉर्मल, पोट मात्र दुखतंच: हार गहाण टाकू का?

«सिस्टर, नमस्कार. मी वेंगुर्ला तालुक्यातली, वय ३८. काजू फॅक्टरीत सोलणीला जाते. आमचे मालक ट्रॉलरवर खलाशी आहेत. दोन वर्षं झाली, बेंबीच्या खाली उजव्या अंगाला दुखतं. कधी चमक मारते, कधी नुसतं ठणकत राहतं. बसून उठताना जास्त. पाळीच्या दिवसांत काही वेळा सहन होत नाही. तीन डॉक्टर झाले. दोनदा सोनोग्राफी केली, दोन्ही नॉर्मल. अॅसिडिटीच्या गोळ्या, सलाईन, जंताचं औषध, सगळं झालं. आता एक डॉक्टर सीटी स्कॅन करा म्हणतात, दुसरे म्हणतात दुर्बीण टाकून बघू. आमच्याकडे कसलाच विमा नाही. मालक म्हणतात हार गहाण टाकू. सासूबाई म्हणतात देवाला गाऱ्हाणं घालू. जाऊ म्हणते, मनाचे खेळ आहेत. आता मलापण तसंच वाटायला लागलंय. काय करू?»

बाय,

हार गहाण टाकू नकोस. आत्ता तरी नको. सीटी वाईट म्हणून नव्हे, दुर्बीण वाईट म्हणूनही नव्हे. पुढे दोन्हींची गरज लागू शकते. पण तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं आणि एक गोष्ट मला त्यात कुठे सापडली नाही. डॉक्टर झाले, सोनोग्राफ्या झाल्या, सलाईनच्या बाटल्या झाल्या. पण कुणी तुला टेबलावर उताणी झोपवून, दुखतं तिथे तुझंच बोट ठेवायला सांगून, सावकाश पोट तपासलं असं तू लिहिलेलं नाहीस. पाळीबद्दल कुणी खोदून विचारलं असंही नाही. मी ग्रामीण रुग्णालयात नोकरी केली. पोटदुखीत बरंचसं निदान विचारण्यातून आणि हाताने तपासण्यातून होतं, मशीन त्यानंतर येतं. तुझ्या बाबतीत हे उलटं झालंय, आणि त्या उलट्या क्रमाचे पैसे तू भरते आहेस.

आधी जावेच्या बोलण्याचं बघू. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे दुखणं खोटं ठरत नाही. सोनोग्राफीत पित्ताशयातले खडे दिसतात, मूत्रपिंडाची सूज दिसते, बीजकोशातली गाठ दिसते. आतडं आतून कसं चालतंय ते तिला दिसत नाही, पोटाच्या भिंतीत चिमटलेली नस दिसत नाही, गर्भाशयाबाहेर चिकटलेले अस्तराचे बारीक ठिपके बहुतेक वेळा दिसत नाहीत. म्हणजे तुझ्या दोन रिपोर्टांनी खडे आणि मोठ्या गाठींची शक्यता बरीच कमी केली. ते पैसे वाया गेले नाहीत. पण पुढची तपासणी कुठली, हे त्या कागदावर लिहिलेलं नाही.

निदान मी करत नाही, ते डॉक्टरांनी करायचं. पण तू जे लिहिलंस त्यावरून कुठल्या गोष्टी विचारून घ्यायला हव्यात ते सांगते.

पहिली, पोटाच्या भिंतीची. तू दिवसभर पुढे वाकून, एका बाजूला कलून सोलणीला बसतेस, आणि उठताना दुखणं वाढतं. घरी एक करून बघ. उताणी झोप. जिथे सगळ्यात जास्त दुखतं तिथे एक बोट ठेवून दाब. मग बोट तसंच ठेवून, हात न टेकता, डोकं आणि खांदे जरा वर उचल, म्हणजे पोट कडक होईल. कडक झाल्यावर बोटाखालचं दुखणं वाढलं किंवा तसंच राहिलं, तर ते पोटाच्या भिंतीतलं असण्याची शक्यता जास्त. कमी झालं, तर बहुधा आतलं. कार्नेट नावाच्या शल्यविशारदाने १९२६ साली ही तपासणी मांडली, आणि तिला एक रुपया लागत नाही. भिंतीतली नस चिमटलेली निघाली, तर त्या जागी भुलीच्या औषधाचं छोटं इंजेक्शन देतात. पुष्कळांना त्यानेच आराम पडतो, काहींना ते पुन्हा घ्यावं लागतं. घरच्या तपासणीवर निकाल लावू नकोस, डॉक्टरांना मात्र नक्की सांग: "डोकं उचललं की दुखणं वाढतं, तुम्ही एकदा बघाल का?"

दुसरी, पाळीची. हे तू पत्रात एका ओळीत उरकलंस, आणि डॉक्टरांपुढेही तसंच उरकलं असशील. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर बाहेर, बीजकोशावर किंवा आतड्यावर वाढतं, त्याला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. पाळीत असह्य दुखणं, संबंधाच्या वेळी दुखणं, पाळीच्या दिवसांत संडासला बसताना कळ येणं, अशी त्याची लक्षणं. पुरुष डॉक्टरांपुढे हे बोलायला जीभ रेटत नाही, मला माहीत आहे. म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञाच्या ओपीडीला जा, आणि सिस्टरला आधी बाजूला घेऊन सांगितलंस तरी चालेल. या आजाराचा संशय असला तर पुष्कळदा दुर्बीण न टाकता आधी गोळ्या सुरू करून बघतात. दुर्बिणीचा विषय निघाला तर हे जरूर विचार.

तिसरी, आतड्यांची. आठवड्यातून निदान एक दिवस असं तीन महिने दुखत असेल, आणि दुखण्याचा संडासशी संबंध असेल, म्हणजे संडास झाल्यावर बरं वाटतं किंवा दुखतं त्या दिवसांत संडास फार घट्ट किंवा फार पातळ होते, तर त्याला आयबीएस म्हणतात, म्हणजे आतडं हळवं होणं. त्याचं निदान या लक्षणांवरूनच होतं, त्यासाठी रक्ताची एखाददुसरी तपासणी पुरते. यात एक गोष्ट तुझ्या लक्षातही आली नसेल. फॅक्टरीत काम करणाऱ्या कितीतरी बायका दिवसभर पाणी पीत नाहीत, कारण संडास लांब असतो, किंवा उठलं की वजनावरची मजुरी बुडते. त्याने मलावरोध होतो, लघवीला जळजळ होते, आणि दोन्हींनी ओटीपोट दुखतं. तुझं तसं होत असेल तर सोबत पाण्याची बाटली ठेव, आणि डॉक्टरांना लघवी तपासायला सांग.

चौथी शक्यता टीबीची, पोटातलाही टीबी असतो. संध्याकाळी अंग गरम होणं, वजन उतरणं, भूक मरणं, असं काही असेल तर लपवू नकोस. टीबीची तपासणी आणि पूर्ण औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, आणि उपचार सुरू असताना पोषणासाठी महिना १,००० रुपये खात्यात जमा होतात.

आता हे नीट वाच आणि मालकांनाही वाचून दाखव. आपोआप वजन उतरणं, संडासवाटे रक्त किंवा डांबरासारखी काळी संडास, डोळे पिवळे होणं, पुन्हा पुन्हा उलट्या, रात्री झोपेतून जागं करणारं दुखणं, हाताला लागणारी गाठ, अंगात रक्त फार कमी होणं: यांतलं काहीही असेल तर क्रमाची वाट बघू नकोस, त्याच आठवड्यात मोठ्या दवाखान्यात जा. मग सीटी किंवा एंडोस्कोपी (तोंडातून किंवा गुदद्वारातून दुर्बीण घालून आतून बघणं) लवकरच करावी लागते. आणि पोट एकदम लाकडासारखं कडक झालं, वारा आणि संडास दोन्ही बंद झालं, रक्ताची उलटी झाली, किंवा पाळी चुकलेली असताना एका बाजूला भयंकर दुखून चक्कर आली, तर १०८ ला फोन करायचा. तेव्हा उद्याचा दिवस बघायचा नाही.

पैशाचं आता सांगते, कारण माणसं इथेच बुडतात.

आमच्याकडे विमा नाही, असं तू लिहिलंस. रेशनकार्ड आहे ना? मग महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना तुलाही आहे. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ती पिवळ्या आणि केशरीबरोबर पांढऱ्या कार्डालाही लागू झाली, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. पण या योजनेची एक अडचण कुणी समजावून सांगत नाही. तिच्यात उपचारांची यादी आहे. यादीतलं ऑपरेशन किंवा उपचार ठरला आणि तू भरती झालीस की ती पैसे भरते. ज्या दुखण्याला अजून नावच नाही, त्याच्या ओपीडीच्या फेऱ्या, बाहेरून केलेल्या सोनोग्राफ्या, औषधं यांना ती सहसा नाही. म्हणजे नाव सापडेपर्यंतचा खर्च तुझ्या पदरचा. म्हणून तो टप्पा तू सरकारी दवाखान्यातच काढायचा, तिथे तो जवळजवळ फुकटात निघतो. हार गहाण टाकून खाजगीत तपासण्या केल्यास, आणि नाव सापडल्यावर शेवटी योजनेतल्या दवाखान्यातच गेलीस, तर हाराचे पैसे नेमके त्या भागावर गेले जो फुकट झाला असता.

१५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय इथे केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत पैसे घेत नाहीत. रक्त, लघवी, साखर, यकृत, मूत्रपिंड, या सगळ्या साध्या तपासण्या तिथे कर. ते कागद घेऊन सावंतवाडीच्या उपजिल्हा रुग्णालयात सर्जनना दाखव, आणि त्यांनी चिठ्ठी दिली की ओरोसला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जा. तिथे स्त्रीरोग, सर्जरी, मेडिसिन एकाच आवारात भेटतात. महाविद्यालयाचं खातं वेगळं असल्यामुळे थोडी फी लागू शकते, पण खाजगीच्या मानाने ती काहीच नाही. एसटीत बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, तेही धरून हिशोब कर. आपल्याकडचे पुष्कळ जण जवळ पडतं म्हणून गोव्यात बांबोळीच्या सरकारी मेडिकल कॉलेजात जातात. तिथले डॉक्टर चांगले आहेत, पण २०१८ पासून गोव्याबाहेरच्या रुग्णांना तिथे पैसे भरावे लागतात, तेव्हा आधी चौकशी कर.

निघण्याआधी दोन कागद बघ. रेशनकार्डावर तुझं नाव सासरच्या कार्डात चढलंय का? लग्नाला वर्षं झाली तरी माहेरच्याच कार्डात नाव राहिलेल्या बायका मी दवाखान्याच्या दारात रडताना पाहिल्या आहेत. ते काम तहसीलमध्ये आत्ताच उरकून घे, ऐन वेळी होत नाही. दुसरं, आयुष्मान कार्ड आणि आभा कार्ड एकच समजू नकोस. आभा हा नुसता तुझ्या कागदपत्रांचा नंबर आहे, त्यावर उपचार मिळत नाहीत. उपचारासाठी लागतं ते आयुष्मान कार्ड, ते आशाताईंकडून किंवा सेवा केंद्रातून आधार लावून काढून घे. योजनेतला जवळचा दवाखाना कुठला ते १५५३८८ या नंबरावर विचारता येतं, आणि योजनेच्या प्रत्येक दवाखान्यात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाचं, टेबल असतं. पैसे भरायच्या खिडकीआधी त्या टेबलाकडे जायचं.

आणखी एक. पगारातून ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, कापतात का ते फॅक्टरीच्या ऑफिसात विचार. महिना २१,००० पर्यंत पगार असलेल्या कामगाराला नोंदणी असलेल्या ठिकाणी ते लागू असतं, घरच्यांसकट. कापत असतील तर तुझ्याकडे विमा आहे आणि तुला कुणी सांगितलेलं नाही.

आता एक वही घे, मुलांची शंभर पानी चालेल. जिथे जाशील तिथे तीच वही आणि तीच फाईल. नवा डॉक्टर, नवा कागद, हे आता बंद. वहीत रोज दोन ओळी लिही. अशा:

मंगळवार. सकाळी अकरा, फॅक्टरीत बसलेली. बेंबीखाली उजवीकडे चार बोटं. सुई टोचल्यासारखं, उठताना वाढलं, अर्ध्या तासाने उतरलं. काल संडास झाली नाही. पाळीचा तेविसावा दिवस. गोळी घेतली नाही.

एवढं पुरे. महिनाभर असं लिहिलंस की दुखणं पाळीबरोबर फिरतंय, संडासबरोबर फिरतंय की बसण्याबरोबर, ते डॉक्टरांना पाच मिनिटांत दिसेल. सरकारी ओपीडीत तुझ्या वाट्याला तेवढाच वेळ येतो. आत गेल्यावर "पोटात दुखतं" एवढंच सांगून गप्प बसू नकोस, वही पुढे कर. आणि कुठलीही महागडी तपासणी सांगितली तर एक प्रश्न न लाजता विचार: "ही केल्यावर उपचार बदलणार आहे का, आणि कशासाठी करताय?" चांगला डॉक्टर या प्रश्नावर रागावत नाही. त्यांनी कारण सांगितलं आणि ते तुला पटलं, तर सीटी जरूर कर, तिथेच कर.

नाव सापडेपर्यंत दुखणं थांबणार नाही, तेव्हा रोजचं कसं निभवायचं तेही लिहिते. गरम पाण्याची रबरी पिशवी कपड्यात गुंडाळून वीसेक मिनिटं शेक. कातडीला नुसती लावू नकोस, भाजते. कामात दर तासाला एकदा उठून उभी राहा, पाठ सरळ करून चार पावलं चाल, मजुरीचं काय व्हायचं ते होऊ दे. खाण्यातलं सगळं एकदम सोडू नकोस. पोटदुखीच्या भीतीने माणसं मासे सोडतात, डाळ सोडतात, आणि वर अशक्तपणा ओढवून घेतात. एका वेळी एकच गोष्ट दोन आठवडे बंद करून बघायची, आधी दूध आणि दुधाचा चहा. फरक नाही पडला तर पुन्हा सुरू. दुखतं त्या दिवशी उकड्या तांदळाची पेज आणि वर थोडं मेतकूट, एवढं पोटाला सोसतं. मलावरोध असेल तर इसबगोल भरपूर पाण्याबरोबर घे.

मेडिकलमधून दुखण्याची गोळी स्वतःच्या मनाने रोज घेऊ नकोस. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या गोळ्या उपाशी पोटी वरचेवर घेतल्या की जठरात जखम होते, आणि मग पोटदुखीला आणखी एक कारण मिळतं. फारच झालं तर पॅरासिटामोल, तीही डॉक्टरांनी सांगितली तेवढीच. आणि सलाईन लावून घेणं सोड. जुन्या पोटदुखीवर सलाईनचा उपयोग नाही. उलट्या-जुलाबाने अंगातलं पाणी गेलेलं असेल तेव्हाच ती लागते. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं जन औषधी केंद्रात कुठल्या नावाने मिळतात ते विचार, तीच गोळी तिथे बरीच स्वस्त पडते.

मनाच्या खेळाबद्दल. दोन वर्षं दुखत राहिलं की नसा हळव्या होतात, थोडं दुखलं तरी जास्त जाणवतं, झोप जाते, आणि झोप गेली की आणखी दुखतं. हे शरीरातच घडतं. उद्या डॉक्टरांनी एखादी गोळी रात्री घ्यायला दिली आणि मेडिकलवाला म्हणाला की ही तर डिप्रेशनची आहे, तर फेकून देऊ नकोस. तीच गोळी कमी प्रमाणात नसांचं दुखणं शांत करायला देतात, त्यात तुला वेडी ठरवण्यासारखं काही नाही. आणि रात्री एकटीला फारच खचल्यासारखं वाटलं तर १४४१६ हा टेलिमानसचा फुकट नंबर आहे, मराठीत बोलता येतं.

सासूबाईंना नाही म्हणू नकोस. गाऱ्हाणं घालू दे, त्यांचा जीव तुझ्यात आहे म्हणून त्या म्हणतात. पण करणी काढून देतो म्हणून पैसे मागणारा कुणी मध्ये आला तर तिथेच थांबव. बेंबी सरकली म्हणून पोट जोरात चोळून घेऊ नकोस. लेबल नसलेल्या पुड्यांतलं चूर्ण तर मुळीच नको, काही भस्मांत शिसं असतं आणि शिशानेच पोट दुखतं.

आता नवीन विमा काढायचा असेल तर काढ, पण हे दुखणं फॉर्ममध्ये लिही. एजंट म्हणेल लिहू नका, त्याचं ऐकू नकोस. आधीपासूनच्या आजारासाठी कंपनी जास्तीत जास्त तीन वर्षं थांबायला लावू शकते, एप्रिल २०२४ पासूनचा नियम आहे. लपवलंस तर ऐन वेळी दावा नाकारतात आणि हप्तेही जातात. या दुखण्यावर तो विमा आज उपयोगी नाही, पुढच्या आजारपणांसाठी आहे.

जून-जुलैत मासेमारी बंद असते, मालक घरी असतील. ओरोसला त्यांना बरोबर ने आणि आत डॉक्टरांसमोर बसव. दुखणं खरं आहे हे घरात तुला एकटीला सिद्ध करत बसावं लागू नये, म्हणून. तिथून मुंबईला पाठवलं तर घाबरू नकोस. केईएम किंवा सायनला वही, फाईल आणि ओरोसची चिठ्ठी घेऊन जायचं, आणि पैशाची अडचण आली तर तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटायचं. त्यांचं कामच ते आहे. धर्मादाय रुग्णालयात पाठवलं तर तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला बरोबर ठेव. वर्षाचं उत्पन्न १ लाख ८० हजारांच्या आत असेल तर निर्धन रुग्णांच्या राखीव खाटेवर मोफत, आणि ३ लाख ६० हजारांच्या आत असेल तर सवलतीत उपचार मागता येतात.

ओरोसच्या डॉक्टरांनी काय लिहून दिलं त्याचा फोटो मला पाठव. भिंतीचं निघालं, पाळीचं निघालं की आणखी काही, त्याप्रमाणे पुढे कुठल्या खिडकीवर काय मागायचं ते लिहीन.